वाट बघणार असाल तरच लिहा

कर्णिकमास्तरांच्या क्लासात टाइपरायटर पाच होते आणि पाचही पांढरे होते. मुळात ते काळेच, पण क्लास होता ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली कशाचं दळण चाललंय ते आम्ही वर कळांवरच्या पिठाच्या रंगावरून ओळखायचो. रोज सकाळी मास्तर धोतराचा सोगा खोचून, दाढीच्या एका जुन्या ब्रशने पाचही यंत्रं झाडायचे आणि मग स्वतःला झाडायचे. तरी दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पुन्हा पांढऱ्या होत. गिरणीवाल्याशी भांडा, असं कोणी सुचवलं तर म्हणायचे, "अहो, तो बिचारा खाली भाकरीची सोय करतोय. आपण वर तेच करतोय. भांडायचं कशाला?"

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका मुलाची आई, खारकर आळीत राहत होते. क्लासात मुली शिकायला येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या आयांच्या जिवाला स्वस्थता मिळावी म्हणून मास्तरांना एक बाई हवी होती. मी लघुलिपीची परीक्षा पास झाल्याची सर्टिफिकिटं पिशवीत घालून गेले. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाहीत.

"बाई, तुम्हाला वाट बघता येते का?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळले. म्हटलं, "आमचे हे रोज कचेरीतून उशिराच येतात."

"मग झालं. उद्यापासून या."

माणूस जरा सटकलेला असावा, असं मी घरी येऊन सांगितलं. पहिल्या आठवड्यातच त्या प्रश्नाचा उलगडा झाला, पण माझं मत काही फारसं बदललं नाही.

क्लासात टायपिंगबरोबर इंग्रजी पत्रव्यवहार शिकवत. त्या काळी ठाण्या-कल्याणच्या प्रत्येक क्लासात पोरांना पत्राच्या शेवटी एक ओळ घोकायला लावायचे. आय लुक फॉरवर्ड टु, आणि पुढे उत्तर, भेट, माल, जे काही असेल ते. अर्ज असो, तक्रार असो, शेपटाला ती ओळ हवीच. आपण नाही का 'कळावे, लोभ असावा' लिहून मोकळे होत? लोभ असावा की नसावा, याचा विचार कोण करतो? कर्णिकमास्तर करायचे. त्या 'टु'च्या पुढे क्रियापदाचं कुठलं रूप येतं हे ते पाच मिनिटांत फळ्यावर उरकत. उरलेला तास ती ओळ लिहायचा अधिकार कोणाला, यावर जाई.

"इंग्रज गेला," ते म्हणायचे, "पण ही ओळ चांगली ठेवून गेला. हिचा अर्थ, मी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलोय. बसलायत का? नसाल तर खोडा. वाट बघणार असाल तरच लिहा."

आता वाट बघायची तर पत्र गेलं पाहिजे. म्हणून मास्तरांच्या क्लासात एक अजब रिवाज होता. सरावाची पत्रं खरोखरच टपालात पडत. प्रत्येकाने वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून एखाद्या कंपनीला कॅटलॉग मागवायचा. टेबलावर दोन ट्रे असत. डावीकडचा टपालाचा, उजवीकडचा रद्दीचा. बरं जमलेलं कॅटलॉगचं पत्र डावीकडे जाई, बाकीची कल्पनेतली सरावपत्रं उजवीकडे. डावीकडच्या पाकिटांना तिकिटं लावून ती पेटीत टाकायचं काम माझं.

आणि उत्तरं यायची! दर आठवड्याला पोस्टमन जिना चढून धापा टाकत थप्पी आणून ठेवायचा. बी-बियाणं, पाण्याचे पंप, चिनी मातीची भांडी, देवळाच्या घंटा, सर्कशीचे तंबू. ज्याचं पाकीट येई त्याने उभं राहून सगळ्यांसमोर ते फोडायचं. पोरं लाजत, हसत, पण पाकीट जपून कडेने फाडत. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी छापील कागदावर त्यांना 'डिअर सर' म्हटलेलं असे. मास्तरांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो, त्या कॅटलॉगांची पानं फडताळात अंथरायच्या. त्यांच्या डाळ-तांदळाच्या डब्यांखाली कायम तंबू आणि घंटा असत.

मास्तरांचा हा नियम क्लासापुरता नव्हता. माणूस पक्का कायस्थ, सोमवार आणि एकादशी सोडली तर मासळीवाचून घास उतरत नसे. चेंदणी कोळीवाड्यातली हिराबाई टोपली घेऊन जिन्याखाली यायची आणि जाताना म्हणायची, "मास्तर, उद्याला पापलेट आनतंय हां."

"आणणार असशील तरच सांग, हिराबाई. मी वाट बघत बसेन."

"अरे देवा! या बाबाला काय बोलाची सोयच नाय," असं पुटपुटत ती जायची. पण दुसऱ्या दिवशी पापलेट हजर असे. इतर गिऱ्हाइकांना ती काहीही सांगे, यांना मात्र तोलून-मापून सांगे.

एकदा कुठल्याशा कचेरीतला एक कारकून रजेचा अर्ज तपासून घ्यायला आला. त्याने लिहिलं होतं की सासरे अत्यवस्थ आहेत, आणि शेवटी सवयीने, मी त्यांच्या अंत्यविधीकडे डोळे लावून बसलो आहे. मी तोंडाला पदर लावला. मास्तर मात्र गंभीर.

"खरंच वाट बघताय का?"

कारकून जरा घुटमळला. "तसं म्हणायचं तर... म्हातारा फार छळतो हो, मास्तर."

"मग वाक्य बरोबर आहे. पण साहेबांना पाठवू नका."

डोंबिवलीचे दातेअण्णा आले तेव्हा मात्र त्यांचा स्वभाव मला नीट कळला. दात्यांना मुलीसाठी कल्याणच्या एका मोठ्या साहेबांच्या घरी पत्र पाठवायचं होतं. छाप पडावी म्हणून ते इंग्रजीत हवं होतं. मुलगी शालू आमच्याच क्लासात होती आणि त्या वेळी समोरच्या यंत्रावर बसली होती. मास्तरांनी सुरेख पत्र लिहिलं. शेवटची ओळ आली आणि लेखणी थांबली.

"शालू, वाट बघणार आहेस का गं?"

शालूने मान खाली घातली आणि हळूच नकारार्थी हलवली.

"तिला काय विचारता, मास्तर?" दाते चिडले. "वाट मी बघणार आहे!"

"बरं, मग 'आम्ही' नको, 'मी' लिहितो," म्हणाले, आणि लिहिलं तसंच. कल्याणचे साहेब हुशार निघाले. घरात एकटे आपणच वाट बघताय काय, असं त्यांनी उलट टपाली विचारलं आणि ते स्थळ तिथेच राहिलं. दाते वर्षभर मास्तरांशी बोलले नाहीत. पुढे शालूचं तिच्या मनासारखं जमलं, तेव्हा मास्तरांना लग्नाची पत्रिका द्यायला दातेच आले.

असा हा माणूस. शब्दाचा इतका पक्का, की त्याच्या हातून खोटं पत्र जाईल असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. पण ते गेलं. आणि त्यावर तिकीट मी लावलं.

जवळच्याच माजिवडे गावचा गजानन पाटील नावाचा एक तरुण आमच्याकडे यायचा. घरचे पूर्वी मिठागरात राबलेले, आता जमीनजुमला असलेले. गजानन धिप्पाड होता, त्याच्या बोटाखाली एकदम तीन कळा दाबल्या जायच्या. पण कल्पनाशक्ती अफाट. परीक्षेसाठी मास्तरांनी एक विषय दिला, कंपनीच्या प्रतिनिधीला माल घेऊन बोलावणे. गजाननने लिहिलं, आमचा पंचवीस माणसांचा बँड आहे, सगळी वाद्यं नवी घ्यायची आहेत. आपला माणूस नमुने घेऊन यावा, आम्ही त्याच्या येण्याकडे डोळे लावून बसलो आहोत. खाली सही, बँडमास्तर पाटील. पत्ता क्लासाचा. वर मेरठच्या एका वाद्यं विकणाऱ्या पेढीचं नाव, कुठल्याशा जाहिरातीतून उचललेलं.

मास्तर वाचून इतके खूश झाले की शंभरपैकी शंभर मार्क देऊन त्यांनी ते पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आणि त्याच आनंदात उजवीकडच्या ऐवजी डावीकडच्या ट्रेमध्ये टाकलं. मी न वाचता पाकीट बंद केलं. एवढा गुन्हा माझ्याही नावावर आहे.

महिन्याभराने एका दुपारी गिरणीसमोर टांगा थांबला. डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंद गळ्याचा जुना कोट, अशा एका वयस्कर गृहस्थाने टांगेवाल्याच्या मदतीने एक लाकडी पेटारा जिन्याने वर आणला. कपाळ पुसून त्याने हात जोडले.

"पाटील साहब का बैंड यही है? मैं रामस्वरूप, मेरठ से आया हूँ।"

पाचही टाइपरायटर एकदम बंद पडले. गजानन यंत्राच्या मागे लपायला बघत होता, पण तो लपण्यासारखा नव्हता.

रामस्वरूपजींनी खिशातून पत्र काढलं. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. "मालिक ने लकीर खींची है," ते कौतुकाने म्हणाले. "बोले, रामस्वरूप, कैटलॉग तो सब माँगते हैं। यह आदमी तो राह देख रहा है। तुम खुद जाओ।" मग आवाज जरा खाली आला. आता पेढी मालकाचा मुलगा बघतो. त्याला फिरतीवरची म्हातारी माणसं नकोशी झाली आहेत. या खेपेला ऑर्डर आणली नाही तर घरी बसा, असं त्याने तोंडावर सांगितलं आहे. "पर आपकी चिट्ठी थी, तो चिंता नहीं थी।"

मास्तर उभे होते ते खाली बसले. दुसरा कोणी असता तर त्याने बँड गावाला गेलाय असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. यांनी आपल्या मोडक्या हिंदीत सगळं खरं सांगितलं. "रामस्वरूपजी, ये बैंड सिरफ कागज पे है. लड़के का कसूर नहीं. गलती मेरी है."

म्हातारा रागावला नाही. त्याने पत्राची जुन्या घड्यांवर पुन्हा घडी घातली आणि म्हणाला, "तो कोई राह नहीं देख रहा था।"

मला फार वाईट वाटलं. खाली गिरणी चालूच होती.

मग मास्तर उठले. "आप चार दिन मेरे घर रहिए," म्हणाले, आणि आमच्याकडे वळून, "क्लास बंद. बँड शोधायचाय."

ते चार दिवस आम्ही काय धावाधाव केली! रामस्वरूपजी शाकाहारी, म्हणून मास्तरांनी घरात मासळी बंद केली. त्यांनी घेतलेलं हे सगळ्यात कडक प्रायश्चित्त होतं. हिराबाई येऊन विचारून गेली, मास्तर आजारी हायेत काय? मुलं शहाडपर्यंत जाऊन आली, मी कोळीवाड्यात दोन घरी विचारून आले. शाळांना ढोल हवे होते, पण पुढच्या वर्षी. कोळीवाड्यात हौस होती, पण त्यांचा आधीच एक बँड ठरलेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गजानन मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, आमचे गावान चला. काका मना मारल, पन चला."

माजिवड्याला गजाननचे काका, हरी पाटील, ओटीवर बसले होते. मोठ्या मिशा, मोठा आवाज. मास्तरांनी त्यांनाही सुरुवातीपासून सगळं सांगितलं. ट्रे चुकल्याचंसुद्धा. पाटील ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. शेवटी ते इतके हसले की ठसका लागून त्यांना पाणी द्यावं लागलं.

"म्हंजे आमचे गज्यानं कागदाव बँड काढला? आन ह्यो बाबा त्याचेसाठी मेरठशी आयला?"

"आला. आणि ऑर्डरीशिवाय परत गेला तर त्याची नोकरी जाईल. माझ्या हातून गेलेल्या पत्रामुळे."

पाटलांचं हसू थांबलं. त्यांनी रामस्वरूपजींकडे नीट पाहिलं. "आमी हलदीला दर साली बँड भाड्यानं आनतो. येतान कवा, कवा येतच नाय. ह्याला सांगा, वाजवून दाखव."

रामस्वरूपजींनी पेटारा उघडला. आत लाल मखमलीवर पितळ चकाकत होतं. त्यांनी त्यातून फक्त एक क्लॅरिनेट काढली. विकायला येण्याआधी ते स्वतः बँडमध्ये वाजवत असत, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी लग्नाची एक चाल धरली. सुरुवातीला श्वास जरा कापरा होता, मग सूर असा मोकळा सुटला की ओसरीवरची कुत्रीसुद्धा उठून बसली. घराघरातून बायका बाहेर आल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कडेवर पोर. एका म्हातारीने नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि सरळ अंगणात नाचायलाच लागली. मीही टाळ्या वाजवत होते. मास्तर खांबाला टेकून उभे होते आणि चष्मा पुसत होते.

वाजवणं थांबलं तेव्हा गावातल्या पोरांनी पेटाऱ्याला गराडा घातलेला. गजाननने सगळ्यात मोठा कर्णा गळ्यात अडकवून पाहिला. तो त्याला एखाद्या लॉकेटासारखा बसला.

"लिवा, मास्तर," पाटील म्हणाले. "सगला बँड लिवा. पन एक गोष्ट. हे वाजवाला शिकवल कोन? ह्योच बाबा. माल घेऊन ह्योच आयला पायजे आन म्हयनाभर रावला पायजे. दुसरा कोन आयला तं मालासकट परत पाठवीन. हे पन लिवा."

मास्तरांनी तिथेच ओटीवर मांडी घालून ऑर्डर लिहिली. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा त्यांनी वर बघून विचारलं, "वाट बघणार ना?" आणि सगळं अंगण एका आवाजात ओरडलं, "बघनार!" इतकी बरोबर वापरलेली ओळ मी नंतरच्या आयुष्यात कुठेच पाहिली नाही.

रामस्वरूपजी गेले. आणि मग काहीच आलं नाही. एक आठवडा, दोन, पाच. मास्तर पोस्टमनच्या वेळेला जिन्याखाली जाऊन उभे राहू लागले. मुलाने म्हाताऱ्याला आधीच काढून टाकलं असेल तर? पाटलांची अट वाचून ऑर्डरच फेकून दिली असेल तर? क्लासात विनोद बंद झाले. माई मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हे जेवत नाहीत नीट. पापलेट परत जातंय ताटातून." हे मात्र फारच झालं होतं.

शेवटी कार्ड आलं. माल अमक्या दिवशीच्या मेलने निघतो, कल्याणला उतरवून घ्यावा, सोबत प्रतिनिधी येत आहे. प्रतिनिधीचं नाव नव्हतं. मास्तरांनी ते कार्ड उजेडाकडे धरूनसुद्धा पाहिलं.

माझ्या यजमानांची त्याच सुमारास नागपूरला बदली झाली होती, आणि मेल यायच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही निघणार होतो. घरात सामान अर्धवट बांधलेलं टाकून मी कल्याणला गेले. मेल यायची दुपारी, मास्तर सकाळपासून फलाटावर होते. माल कल्याणहून लोकलने न्यायचा, म्हणून पाटलांच्या बैलगाड्या ठाण्याला उभ्या होत्या. हरी पाटील, गजानन आणि गावातले दहा-बाराजण फलाटावर ओळीने उकिडवे बसले होते.

मेल आली. पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक तरुण उतरला. सूट, चकचकीत बूट, हातात कागद. "पाटील बैंड?" त्याने विचारलं. पाटलांनी मिशीवरचा हात काढला आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. मास्तर पुढे झाले.

"रामस्वरूपजी?"

तो मालकाचा मुलगाच होता, आणि वैतागलेला होता. "उन्हीं से पूछिए। पूरे रास्ते पीछे गार्ड के डिब्बे में बक्सों के पास बैठे रहे। कहते हैं, किसी को हाथ नहीं लगाने देंगे।"

लांब, अगदी गाडीच्या शेपटाशी, एक पांढरी टोपी हमालांवर ओरडत होती.

कर्णिकमास्तर कधी घाईने चाललेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी ते धावले. धोतर एका हाताने उचलून, चष्मा दुसऱ्या हाताने धरून, हमालांना आणि ट्रंकांना चुकवत. एक चप्पल चहावाल्यापाशीच राहिली, ती उचलायला गजानन मागे धावला आणि त्याच्यामागे सगळं माजिवडं. मी जागच्या जागी उभी राहून रडत होते आणि हसतही होते. त्यानंतर मास्तर मला पुन्हा दिसले नाहीत, पण मला त्याचं दुःख नाही, कारण शेवटचे दिसले ते असे. तो म्हातारा तीन दिवसांचा प्रवास करून आला होता, आणि मास्तर फलाटभर ओरडत होते, "आलो, रामस्वरूपजी, आलो!"